पिकासोचं वेताच्या जाळीचं वस्तुचित्र: रूप कसं वाचायचं, अर्थ कुठे शोधायचा?

(मंचावरची चर्चा. प्रत्येक भागाच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

गेरू

पिकासोच्या १९१२ मधल्या 'वेताच्या जाळीच्या खुर्चीसह वस्तुचित्र' या छोट्या लंबगोल चित्रावर कलाइतिहासाचं टिपण लिहायचं आहे. विषय दिलाय तो असा: 'घनवादी वस्तुचित्रातलं रूप आणि अर्थ' (घनवाद म्हणजे क्यूबिझम, वस्तुचित्र म्हणजे स्टिल लाइफ). आत्तापर्यंत लावलेला अर्थ असा:

वेताची जाळी = खुर्ची. भोवतीचा दोर = बंधन. चाकू = हिंसा. लिंबाची फोड = आयुष्यातला आंबटपणा. 'जेओयू' ही तीन रोमन अक्षरं = वर्तमानपत्र.

हे वाचताना मलाच कुठेतरी खोटं वाटतंय. अडचणी तीन आहेत. एक, चित्रात पेला आहे असं सगळीकडे लिहिलेलं असतं, तो काही केल्या दिसत नाही. दोन, जाळी जर खुर्चीची, तर ती टेबलावरच्या वस्तूंच्या मधोमध कशी? तीन, 'घनवादात वस्तू एकाच वेळी सर्व बाजूंनी दाखवतात' या वाक्यावर इथे भागतं का? जाळीची तर एकच बाजू दिसते आहे.

आडवा छेद

आधी ती '=' ची चिन्हं खोडा. चाकू म्हणजे हिंसा हे कुठल्याही चित्राला लावता येईल, आणि जे कुठेही लागू पडतं त्याचा या चित्राला उपयोग नाही. हा चाकू लिंबू कापायला आहे. लिंबू आहे कारण शेजारी शिंपला आहे. पॅरिसच्या कॅफेतल्या टेबलावरचा हा माल: वर्तमानपत्र, चिलीम (पाइप म्हणा), पेला, चाकू, लिंबाची फोड, शिंपला. एवढं साधं वाचन आधी पक्कं करा, अर्थाचं मग बघू.

आता पेला. तो दिसत नाही कारण तुम्ही त्याची पूर्ण बाह्यरेषा शोधताय, आणि ती काढलेलीच नाही. १९०९ ते १९१२ या काळात पिकासो आणि घनवादातला त्याचा जोडीदार ब्राक वस्तूची कड एका बाजूला गडद करून दुसऱ्या बाजूला शेजारच्या प्रतलात (सपाट पैलूत) विरघळू देतात. फ्रेंचमध्ये याला 'पासाज' म्हणतात. हे आधीच्या पिढीतल्या सेझान या फ्रेंच चित्रकाराकडून आलं. तो १९०६ मध्ये गेला आणि पुढच्या वर्षी पॅरिसच्या शरद प्रदर्शनात त्याची मोठी स्मृतिमांडणी झाली, तेव्हा या मंडळींनी ते जवळून पाहिलं. कड उघडी राहिली की पेला आणि पेल्यामागची हवा यांच्यात दार उघडं राहतं. मग पेला ओळखायचा कशावरून? सुट्या खुणांवरून: तोंडाची कमान, उभ्या समांतर रेघा, बुडाशी पुन्हा एक कमान. मधला भाग तुमच्या डोळ्याने भरायचा असतो.

करून बघायची रीत सांगतो. चित्राची चांगली छपाई घ्या आणि वर बटर पेपरचे तीन तुकडे एकेक करून ठेवा.

पहिल्यावर फक्त ज्याबद्दल शंकाच नाही ते गिरवा: अक्षरं, लिंबाच्या फोडीतल्या आऱ्या, शिंपल्याच्या कंगोऱ्यांचा पंखा, चिलमीची नळी. हे चित्रकाराने मुद्दाम ठेवलेले टेकू आहेत. ते नसते तर चित्र निव्वळ राखाडी तुकड्यांचं झालं असतं, आणि १९१०–११ मधली काही चित्रं अगदी त्या उंबऱ्यापर्यंत जातात.

दुसऱ्यावर कमानी आणि लांब सरळ रेघा, मग त्या कुठल्या वस्तूच्या आहेत हे कळो न कळो.

तिसऱ्यावर माध्यमाच्या हद्दी: छापील जाळी कुठे सुरू होते, कुठे संपते, रंग तिच्यावर कुठे चढतो, दोर कुठे आहे.

मग तिन्ही एकावर एक ठेवा. दुसऱ्या कागदावरच्या रेघा तिसऱ्यावरच्या हद्दी बिनदिक्कत ओलांडताना दिसतील. म्हणजे जाळी हा मागचा पडदा नाही आणि वरची चादरही नाही. रंगवलेले पट्टे आणि सावल्या तिच्यावर पसरतात, तिला खाली दाबतात, आणि तरी ती डोळ्याला सगळ्यांत पुढे येते. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे.

चुका होतात त्या दोन. पहिली म्हणजे प्रकाशाची दिशा शोधणं. इथे खिडकी एक नाही. प्रत्येक प्रतलाला त्याच्यापुरता उजेड दिलेला आहे. गडद आणि फिकं शेजारी येतात ते कड दाखवण्यापुरते. 'प्रकाश डावीकडून येतो' असं लिहिलंत की पुढचं सगळं वाचन घसरतं. दुसरी चूक आकाराची. पडद्यावर हे चित्र खिडकीएवढं दिसतं आणि दोर गलबताच्या दोरखंडासारखा. प्रत्यक्षात चित्र साधारण २९ बाय ३७ सेंटिमीटर आहे, ए-थ्री कागदाच्या आत मावेल एवढं. मांडीवर ठेवून बघायच्या मापाची वस्तू. म्हणूनच ट्रेसारखी वाटते.

खिळा

आडवा छेद यांच्याशी सहमत. उरलेलं अर्धं उत्तर माध्यमात आहे, आणि या चित्राची सगळी गंमतही तिथेच आहे.

ती वेताची जाळी नाही. तिचा फोटोही नाही. ते मेणकापड आहे, वेताच्या विणीची नक्षी यंत्रावर छापलेलं. आपल्याकडे जेवणाच्या टेबलावर फुलाफुलांचं मेणकापड घालतात ना, त्याच जातीचं. आता ताळा करून बघा. नक्षी कशाची? खुर्चीची. कापड कशासाठी? टेबलावर घालायला. म्हणजे तो तुकडा दिसतो खुर्ची म्हणून आणि असतो टेबल म्हणून. 'जाळी टेबलाच्या मधोमध कशी' हा तुमचा गोंधळ चूक नव्हता, तोच चित्राचा मुद्दा आहे. काहीजण टेबलाची काच मानतात आणि तिच्यातून खालची खुर्ची दिसते असं वाचतात. तसंही बसतं. पण काच मानल्याने कोडं सुटून जातं आणि मेणकापड वाया जातं, म्हणून मला ते वाचन आवडत नाही.

पुढची पायरी. चित्रातला सगळ्यांत 'खरा' दिसणारा भाग कोणता? जाळी. दोरा न दोरा, सावलीसकट. आणि तोच भाग चित्रकाराच्या हाताने काढलेला नाही. ती कारखान्यात छापलेली फसवणूक आहे. उलट जे ओबडधोबड, तुटक, ओळखू न येणारं आहे ते हाताने, विचार करून रंगवलेलं. पाचशे वर्षं युरोपीय चित्रकाराची कसोटी काय होती? हुबेहूब काढता येणं. ते काम आता मीटरवर विकत मिळतं, असं हा तुकडा सांगतो. हे सांगायला प्रतीक लागत नाही, कात्री पुरते.

ब्राकने याच्या आधी एक चाल केली होती, ती जोडीला ठेवा. १९०९ च्या 'व्हायोलिन आणि रंगपाटी' या चित्रात (न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात आहे) सगळं तुकड्यातुकड्यांत फुटलंय, आणि वर रंगपाटी टांगलेला एक खिळा मात्र सावलीसकट अगदी जुन्या पद्धतीने काढलाय. माझं इथलं नाव तिथूनच आलं. तो खिळा म्हणतो, 'असंही काढता येतं बरं का, येत नाही म्हणून तसं काढत नाही असं समजू नका.' तीन वर्षांनी मेणकापड तेच म्हणतं, फक्त आता चित्रकाराने ती मेहनतही केलेली नाही.

ब्राकच्या बाबतीत पोटापाण्याचं शिक्षण लक्षात ठेवा. तो घरं रंगवणाऱ्या, सजावट करणाऱ्या घराण्यातला. खोटं लाकूड, खोटा संगमरवर रंगवायची कला हातात होती. ओल्या रंगावरून लोखंडी फणी फिरवली की लाकडाच्या रेषा उमटतात. हे त्याने पिकासोला दाखवलं, आणि पिकासोने १९१२ मध्येच त्या फणीने माणसाचे केस आणि मिशा विंचरल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दक्षिण फ्रान्समधल्या सोर्गला असताना ब्राकने आव्हिन्योंच्या दुकानातून लाकडाच्या नक्षीचा भिंतीचा कागद आणला, कापून चिकटवला आणि वर कोळशाने फळांची परडी आणि पेला काढला. चिकटवलेल्या कागदाच्या चित्रांची सुरुवात तिथून धरतात. पिकासोचं मेणकापड त्याच्या आधीचं, वसंतातलं. म्हणून कोलाज (कुठलाही पदार्थ चिकटवलेलं चित्र) आधी आणि 'पाप्ये कोले' (चिकटवलेल्या कागदाचं चित्र) नंतर असा क्रम लिहा. परीक्षक हा घोळ बरोबर पकडतात.

आता दोर. बंधन वगैरे काढून टाका. चित्र भिंतीवर उभं आहे असं धरलंत तर दोर म्हणजे चौकट. आडवं, टेबलाचा पृष्ठभाग म्हणून बघितलंत तर दोर म्हणजे टेबलाची कड. गोल टेबल तिरपं बघितलं की लंबगोलच दिसतं. एकच दोर दोन्ही कामं करतो, आणि तुम्ही कुठे उभे आहात हे चित्र ठरू देत नाही. शिवाय अख्ख्या चित्रात खराखुरा, दुसऱ्या कशाचा आव न आणणारा पदार्थ तो एकटाच. आणि तो चित्राच्या हद्दीवर आहे, आतही नाही अन् बाहेरही नाही.

गेरू

दोघांचे आभार. मेणकापडाचं अजिबात माहीत नव्हतं. पुस्तकात 'वेताची जाळी चिकटवली' असंच वाचलं होतं.

'सर्व बाजूंनी एकाच वेळी' याचं राहिलं. आणि ती तीन अक्षरं: ती वर्तमानपत्रच ना? मग आणखी काय वाचायचं त्यात?

कोळशाची कांडी

अक्षरांपासून सुरू करते.

फ्रेंचमध्ये वर्तमानपत्राला 'झुर्नाल' म्हणतात, आणि त्या नावाचं एक दैनिकही पॅरिसला निघत असे. चित्रात त्याची पहिली तीनच अक्षरं आहेत, पुढचं कापलंय. त्या तीन अक्षरांवरून 'खेळणे' हे फ्रेंच क्रियापदही सुरू होतं. मराठीत कल्पना करायची तर टेबलावर घडी घातलेल्या पेपरवर फक्त 'लोक' एवढंच दिसतंय असं समजा. लोकसत्ता की लोकमत? की नुसतेच लोक? तुम्ही पेपर ओळखता, पण शब्द तिथे थांबत नाही. बरोबर त्या जातीचा खेळ आहे हा.

पण श्लेषापेक्षा अक्षरांचं दृश्य काम मोठं आहे, आणि टिपणात ते आधी लिहा. अक्षर सपाट असतं. त्याला खोली नसते, मागची बाजू नसते, त्याच्यावर छाया-प्रकाश पडत नाही. प्रतलांच्या त्या ढिगाऱ्यात अक्षर आलं की ते कॅनव्हासच्या पृष्ठभागावर चिकटून बसतं आणि बाकी सगळं त्याच्या मागे-पुढे ढकललं जातं. ब्राकने १९११ च्या 'पोर्तुगीज' या चित्रात (आता स्वित्झर्लंडमधल्या बाझलला आहे) छापील वळणाची अक्षरं आणि आकडे स्टेन्सिलने टाकले ते याचसाठी. आपल्या चित्रात मात्र पिकासो एक कुरापत काढतो: चिलमीची नळी अक्षरांच्या बाजूने अशी नेतो की सपाट अक्षराला जागेत ओढल्यासारखं होतं. पृष्ठभाग ठरवून देणाऱ्या वस्तूलाच तो हलवतो. छपाई मोठी करून फक्त तेवढा भाग दहा मिनिटं बघा.

आता 'सर्व बाजूंनी'. हे वाक्य पूर्ण चूक नाही, पण १९१२ ला अपुरं पडतं. १९०९–१० मधल्या पेल्याचं तोंड वरून आणि अंग समोरून दिसतं, तिथे ते चालतं. पण चिलमीची मागची बाजू या चित्रात कुठे आहे? नाही. इथे वस्तू 'दाखवलेली' कमी आणि 'सांगितलेली' जास्त आहे. भाषेत 'पेला' हा शब्द पेल्यासारखा दिसत नाही, तरी काम करतो. तो करतो कारण 'ठेला', 'मेला' पासून तो वेगळा आहे. चित्रातली खूणही शेजारच्या खुणेपासून वेगळी पडली की काम करते.

हे सगळ्यांत स्वच्छ दिसतं ते पिकासोने त्याच वर्षीच्या शेवटी केलेल्या 'व्हायोलिन' मध्ये. पॅरिसच्या पॉम्पिदू केंद्रात आहे. कोळसा आणि वर्तमानपत्राचे दोन तुकडे, बस. दोन्ही तुकडे एकाच कागदाचे आहेत, एकमेकांत कोड्यासारखे बसतील असे कापलेले, त्यांतला एक उलटा करून लावलाय. खालच्या तुकड्यावर व्हायोलिनचं अंग काढलंय, तेव्हा छापील ओळी लाकडाच्या रेषांसारख्या वाटतात. वरचा तुकडा वाद्याच्या मागे आहे, तिथे त्याच ओळी हवा किंवा उजेड होतात. कागद तोच, शाई तीच, अर्थ विरुद्ध. कारण जागा बदलली. शिवाय व्हायोलिनच्या पोटावरची दोन लांबट भोकं बघा: एक मोठं, एक बारीक. खऱ्या व्हायोलिनला ती सारखी असतात. ती असमान कधी दिसतात? वाद्य तिरपं धरलं की. म्हणजे 'वळण' त्याने शब्दासारखं खुणेने सांगितलं, पण वळलेलं अंग काढलंच नाही. अंग सपाट कागदच राहिलंय. तुमच्या टिपणात रूप आणि अर्थ यांचा सांधा दाखवायचा तर दुसरं इतकं सोपं उदाहरण मिळणार नाही.

खिळा

कांडीताईंचं बरोबर, फक्त एक पुरवणी. वर्तमानपत्र नुसती सपाट खूण नव्हे, त्यात बातम्या असतात. पिकासोचं १९१२ च्या नोव्हेंबरमधलं 'गिटार, स्वरलिपी आणि पेला' (टेक्ससमधल्या सॅन अँटोनियोच्या मॅक्ने संग्रहालयात) घ्या. त्यातल्या कात्रणावर 'लढाई जुंपली' असा मथळा आहे. ऑक्टोबरात बाल्कन युद्ध सुरू झालं होतं, मथळा त्याचाच. म्हणजे कॅफेच्या टेबलावर युद्ध आलेलं आहे. हे अर्थात धरायचं की नाही?

कोळशाची कांडी

धरायचं, पण हातचं राखून. तो मथळाही कापलेला आहे. 'कुठे जुंपली' ते कात्रीने उडवलंय, आणि वर त्याच दैनिकाच्या नावाची तीच तीन अक्षरं ठेवलीत, म्हणजे पुन्हा 'खेळ'. म्हणून 'लढाई' बाल्कनमधली, चित्रकला आणि छापील कागद यांच्यातली, की पिकासो-ब्राक यांच्यातली, तिन्ही वाचनं उभी राहतात. युद्धाविरुद्धचं चित्र म्हणून एवढ्यावर शिक्का मारणारे आहेत आणि मजकूर कोणी वाचूच नये म्हणणारेही आहेत. मला दोन्ही टोकं पटत नाहीत. माझी चाळणी अशी: मथळा पाच फुटांवरून वाचता येतो, तेव्हा तो अर्थात धरावा. बारीक छापील मजकूर वाचायला नाक कागदाला लावावं लागतं. तो आधी पोत, मग जमल्यास बातमी.

आणि गेरू, एक लक्षात ठेवा. हे सगळं नोव्हेंबरच्या चित्राबद्दल. मेणकापडाच्या चित्रात वर्तमानपत्राचा तुकडा नाहीच. अक्षरं रंगवलेली आहेत. जाळी छापील, अक्षरं हाताची. व्यवहारात जे असतं त्याच्या बरोबर उलट. सहा महिन्यांत अक्षरंही छापील झाली.

तिरपी रेघ

छुपे अर्थ शोधण्याबद्दल बोलणं निघालंच आहे तर हुआन ग्रिस या दुसऱ्या घनवादी चित्रकाराचं 'चौकड्यांच्या टेबलक्लॉथचं वस्तुचित्र' (१९१५, न्यूयॉर्कचं मेट संग्रहालय) बघून घ्या. टेबलावर द्राक्षं, बाटल्या, गिटार, कप, खाली चौकडीचं कापड. आणि हे सगळं मिळून बैलाचं डोकं तयार होतं. खाली मधोमध कपाचं नाकाड, डावीकडे एकात एक काळी-पांढरी वर्तुळं म्हणजे डोळा, बाटलीचा कान, गिटारच्या वळणदार कडेची शिंगं. वाइनच्या लेबलावर 'बोझोले' या शब्दातली मधली तीन अक्षरं तेवढी आहेत, आणि 'बैल' या फ्रेंच शब्दाचा शेवटही त्याच तीन अक्षरांनी होतो. ग्रिस माद्रिदचा, तेव्हा बैल कुठून आला हे विचारायला नको.

हे मान्य का करायचं आणि 'चाकू म्हणजे हिंसा' का नाही? कारण इथे चार वेगवेगळ्या खुणा एकाच दिशेने बोट दाखवतात, त्यांच्या जागा बैलाच्या तोंडावर जिथे असायला हव्यात तिथेच आहेत, आणि वर अक्षरं दुजोरा देतात. एका खुणेवर अर्थ उभा करू नका. किमान तीन हव्यात आणि त्या परस्परांना धरून हव्यात. माझा हा अंगठ्याचा नियम, कुठल्या शास्त्रातला नाही. ढगात हत्ती सगळ्यांनाच दिसतो.

ग्रिसला या बाबतीत वेगळं धरा. त्याची रचना मोजूनमापून असते, कोडं बहुधा सुटेल असंच ठेवलेलं असतं. पिकासोचं सुटत नाही, सुटायचं नसतं.

आडवा छेद

एक व्यावहारिक सूचना शीर्षकांबद्दल. या काळातल्या चित्रांची बरीच शीर्षकं चित्रकारांनी नव्हे, तर काहनवायलर या त्यांच्या विक्रेत्याने किंवा नंतरच्या यादीकारांनी दिलेली आहेत. शीर्षक म्हणजे बहुतेक वेळा वस्तूंची यादी. त्यामुळे 'शीर्षकात खुर्ची आहे म्हणून चित्राचा विषय खुर्ची' असा युक्तिवाद करू नका.

दुसरं, रंगाबद्दल. चिकटवलेली वर्तमानपत्रं आज तपकिरी दिसतात, कारण स्वस्त कागदातलं लिग्निन (लाकडातून आलेलं द्रव्य) उजेडाने पिवळं पडतं. १९१२ मध्ये ते जवळपास पांढरे-राखाडी होते. 'चित्रकाराने उबदार मातकट रंगसंगती निवडली' असं कात्रणांबद्दल लिहिलेलं दिसतं, ते कागदाच्या म्हातारपणाला दिलेलं श्रेय आहे. रंगवलेल्या भागाची गोष्ट वेगळी. तिथे गेरू, राखाडी, काळा ही निवडच होती: लाल किंवा निळा ठेवला की तो एक वस्तू बांधून टाकतो, प्रतलं मोकळी राहत नाहीत.

तिरपी रेघ

थोडं अवांतर. आपल्याकडच्या वाचकांना घनवाद म्हटलं की चित्रकार जहांगीर सबावाला आठवतात. ते पॅरिसला आंद्रे लोत या चित्रकाराच्या अकादमीत शिकले, आणि लोतचा घनवाद वस्तू शाबूत ठेवून तिच्यावरच्या उजेडाला पैलू पाडतो. तिथे अक्षरं नाहीत, चिकटवलेले तुकडे नाहीत. म्हणून वर सांगितलेली खुणा वाचायची रीत सबावालांच्या निसर्गचित्राला लावली तर हाती काही लागत नाही. तिथे उजेडाच्या कडा वाचायच्या. तुमच्या टिपणात तुलना घालायचा मोह झाला तर एवढा फरक नोंदवा, नाहीतर घालूच नका.

फणी

टिपणासोबत अभ्यासकृती करायची असेल तर हातकामाचं सांगते, कारण पन्नास टक्के कोलाज तिसऱ्या दिवशी फुगतात.

वर्तमानपत्र ओल्या गोंदाने फुगतं आणि वाळताना आकसतं. पातळ ड्रॉइंग पेपरवर लावलं तर खालचा कागद बोटीसारखा वळतो. जाड पुठ्ठा घ्या, किमान दोन मिलिमीटर, आणि पाठीमागेही तेवढ्याच मापाचा साधा कागद त्याच गोंदाने लावा, म्हणजे ताण दोन्हीकडून सारखा बसतो. पांढरा फेव्हिकॉल डब्यातून थेट लावू नका; साधारण दोन भागाला एक भाग पाणी. त्याहून बरी मैद्याची खळ: एक भाग मैदा, पाच भाग पाणी, थंड पाण्यात गुठळ्या मोडून मग मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळायची. जुने बुकबाइंडर किडीसाठी चिमूटभर मोरचूद घालतात. ते विषारी आहे, घरातल्या भांड्यात करू नका. कात्रणाच्या पाठीला खळ लावून दोन मिनिटं थांबा, कागद पूर्ण फुगू द्या, मग मधून कडेकडे दाबा. वर बटर पेपर, त्यावर जड पुस्तकं, रात्रभर.

मेणकापड खळीने धरत नाही. त्याची कापडी पाठ आधी बारीक सँडपेपरने खरवडा आणि रबर सोल्यूशन दोन्हीकडे लावून, बोटाला चिकटेनासं झाल्यावरच जोडा. वरच्या मेणट बाजूवर ऍक्रेलिक रंग पापुद्र्यासारखा सुटतो. तैलरंग तुलनेने बरा, तोही पातळच. आणि वेताच्या नक्षीचं मिळालं नाही तर लाकडाच्या किंवा लादीच्या नक्षीचं चालेल, फक्त फुलाफुलांचं नको. फुलं कोणी खरी समजत नाही, आणि इथे क्षणभर तरी फसगत व्हायला हवी.

खोटं लाकूड हवं असेल तर जुन्या कंगव्याचे दात एकाआड एक मोडा, ओल्या तपकिरी रंगावरून एका दमात ओढा, मध्ये हात किंचित हलवा. थांबलात तर तिथे गाठ दिसते. बिघडलं म्हणून पुसू नका, लाकडाला गाठी असतात.

गेरू

सगळ्यांचे आभार. पहिला परिच्छेद असा केलाय, बघा:

'सुमारे २९ बाय ३७ सेंमी आकाराच्या या लंबगोल चित्रात कॅफेच्या टेबलावरचं वर्तमानपत्र, चिलीम, पेला, चाकू, लिंबू आणि शिंपला आहे. खाली वेताच्या जाळीची नक्षी छापलेलं मेणकापड चिकटवलेलं आहे. जाळी खुर्चीची, कापड टेबलाचं. चित्रातला सर्वांत खरा भासणारा हा भाग चित्रकाराने रंगवलेला नाही. त्यावर वर्तमानपत्राचं कात्रण चिकटवून पिकासोने खेळाचा अर्थ सुचवला आहे. भोवतीचा दोर चौकटही आहे आणि टेबलाची कडही. चित्र सध्या पॅरिसच्या पिकासो संग्रहालयात आहे.'

कोळशाची कांडी

पाचवं वाक्य. कात्रण नाही, अक्षरं रंगवलेली आहेत. 'सुचवला आहे' ऐवजी चिलमीची नळी अक्षरांशी काय करते ते लिहा, खेळ आपोआप येईल.

खिळा

आणि संग्रहालयापाशी एवढं जोडा की पिकासोने हे चित्र आयुष्यभर स्वतःपाशीच ठेवलं होतं. त्याच्या मृत्यूनंतर, १९७९ मध्ये, वारसा कराच्या बदल्यात ते फ्रेंच सरकारकडे गेलं.